आपल्या कोअरचा सिंथ गोड, दुसऱ्याचा कर्कश?

निळाई (धागाकर्ता):
ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला फायनल्स असतात. तिकिटं काढायला बसलो की आमच्याकडे दरवर्षी तोच वाद पेटतो: ड्रम कोअरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असावं की नसावं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळी वाद्यं (ब्रास), ड्रम आणि झेंडे फिरवणारी कलर गार्ड, अशी दीडशेच्या आसपास मुलंमुली, वीस-एकवीसच्या आतबाहेरची. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम. डीसीआय ही त्यांची संघटना १९७२ पासून अजिंक्यपद स्पर्धा घेते. तिने २००४ मध्ये माइकला परवानगी दिली आणि २००९ मध्ये सिंथसायझरला (सिंथ, म्हणजे यंत्रातून सूर काढणारा कीबोर्ड).

माझं म्हणणं असं की आपण चाहते कानांनी ठरवत नाही, गणवेश बघून ठरवतो. स्वतःचंच सांगतो. २००९ ला फायनल्ससाठी इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये होतो. एका कोअरचा ब्रास चढत होता, तेवढ्यात खालून सिंथचा बास आला. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात होता, ती थरथरत होती. मी बायकोला म्हणालो, "ही फसवणूक आहे. मुलांच्या दमसासाचं श्रेय स्पीकर घेतोय."

पाच वर्षांनी तिथेच ब्लूकोट्स ही कोअर 'टिल्ट' नावाचा कार्यक्रम घेऊन उतरली. ते ओहायोतल्या कँटनचे, आम्ही तिथून अर्ध्या तासावर राहतो, शेजाऱ्यांचा मुलगा त्यांच्यात वाजवायचा. त्या कार्यक्रमात एका जागी सगळा सूरच वाकतो. ब्रास आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र घसरतात आणि पोटात खड्डा पडतो. मी उभा राहून घसा बसेपर्यंत 'ब्लूऽऽ' ओरडलो. फसवणूक हा शब्द मनातही आला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. याची मला खंत वाटते, म्हणून धागा काढला.

गारफिल्डकर:
सपशेल असहमत. मी १९८२ ला न्यू जर्सीत आलो आणि दोन वर्षांनी गारफिल्ड कॅडेट्स या कोअरला पहिल्यांदा ऐकलं. ८३, ८४, ८५ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं त्यांनी घेतली. तेव्हापासून दुसरी कोअर माझी नाही. याच कॅडेट्सनी माइक आल्यावर कार्यक्रमात निवेदन घातलं. मैदानावर मुलं जीव तोडून वाजवतायत आणि वरून स्पीकरमधला आवाज मला सांगतोय की मी काय समजायचं. २००५ ला ते जिंकले तेव्हा टाळ्या वाजवल्या, पण घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. पुढची तीन वर्षंही ते निवेदन मला सोसलं नाही.

तुमच्या हिशोबाने मला ते गोड लागायला हवं होतं. परक्याचं दुर्लक्षून सोडता येतं हो, घरच्याचं जास्त लागतं.

पिटची_आई:
माइक आणि सिंथ यांना एकाच पारड्यात घालू नका ही कळकळीची विनंती. माझी लेक तीन उन्हाळे पिटमध्ये मॅरिंबा वाजवत होती (पिट म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभे राहून वाजवणारे; मॅरिंबा म्हणजे काठीने वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य). माइक नव्हते तेव्हा मॅरिंबाचा आवाज वरच्या रांगांपर्यंत पोचवायला कडक मॅलेट (वाजवायच्या काठ्या) घ्यायच्या आणि हात उंच उचलून जोरात हाणायचं. लाकडी पट्टीवर आघाताचा ठक्क आवाज आधी, सूर मागून. लेकीच्या मॅलेटला मऊ लोकरी दोरा गुंडाळलेला असायचा. एकेका हातात दोन धरून ती चार सुरांचा तरंग इतका हळुवार वाजवायची की तिच्याशेजारी उभं राहूनही कान द्यावा लागे. ते माइकमुळे मैदानभर जायचं. हे कौशल्य तिचं आहे, स्पीकरचं नाही.

आणि निळाई, निष्ठेचं म्हणाल तर एका शोला पावसात आमच्या कोअरची वायर दगावली, पिट मुकं झालं. मुलं शेवटपर्यंत वाजवत राहिली. आम्ही पालक उभे राहून टाळ्या वाजवत होतो, पण शेजारी पूर्ण वेगळ्या कोअरचे टी-शर्ट घातलेले लोकही उभे होते.

ढोलवाला_शिकागो:
पुण्यात सात वर्षं पथकात ढोल वाजवलाय. आमच्या पथकाने ट्रॉलीवर स्पीकर चढवले असते तर मी त्याच क्षणी कमरेचा ढोल सोडला असता. पथकावर जीव होता म्हणूनच. वाजवणारा हात दिसला पाहिजे, एवढंच माझं मागणं. त्यामुळे गारफिल्डकर काकांना +१.

पिटची_आई:
दादा, सिंथवरही हातच असतात. आमच्या पिटमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा दिवसभर उन्हात सुरांचा तोच छोटा तुकडा घोटत बसायचा, बाकीच्यांइतकाच करपायचा.

निळाई:
ताई, माइकबद्दल मान्य, माझी चूक झाली. माझा आक्षेप आणि माझा आनंद, दोन्ही सिंथच्या बासबद्दल होते.

गारफिल्डकर काका, तुमचा अनुभव खोडता येत नाही. पण एक विचारतो. निवेदन आवडलं नाही तरी तुम्ही पुढच्या वर्षी गेलातच ना? तेच निवेदन ब्लू डेव्हिल्ससारख्या दुसऱ्या कोअरने केलं असतं तर तुम्ही त्यांचा कार्यक्रम सुरू असताना खायला काही आणायला उठला असता. मी हेच करतो. निष्ठा आपल्याला बसवून ठेवते, आणि बसून ऐकलं की कान हळूहळू सरावतो. परक्याला आपण ती संधीच देत नाही. कोणाला पटत नसेल तर फायनल्सआधी पार्किंग लॉटमध्ये सराव ऐका. तिथे ब्रासच्या वर्तुळाजवळ सहसा स्पीकर नसतो. मग स्टेडियममध्ये तीच कोअर ऐका, आणि आपलं नि परक्याचं, दोन्हीला सारखेच गुण द्या. मला अजून जमलेलं नाही.

गारफिल्डकर:
गेलो, हो. दरवर्षी गेलो. आणि तुमची परीक्षा मी दिलेली आहे, नाइलाजाने. कॅडेट्स २०२४ मध्ये बंद झाले. १९३४ पासूनची, नव्वद वर्षांची कोअर. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कोणाचाही नसताना जाऊन बसलो. कोणाच्याही चुकीने पोटात गोळा आला नाही. तुमचे ब्लूकोट्स जिंकले, चांगलेच वाजवले, मी मनापासून सांगतो. तरी बास आला तेव्हा ब्रासचा तळ मला सापडेना. ट्यूबा (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) वाजवणारी मुलं समोर दिसत होती, गाल फुगलेले दिसत होते, आणि त्यांचा आवाज कुठला आणि यंत्राचा कुठला ते कळत नव्हतं. आता माझी कोणती कोअर आड आली सांगा.

निळाई:
काका, तुमची कोअर गेली, पण १९८४ चा आवाज तुमच्याकडे आहेच. तुम्ही त्याच्याशी एकनिष्ठ आहात.

गारफिल्डकर:
आहेच. तो आवाज मुलांनी तोंडाने काढलेला होता, मी समोर बसून ऐकलाय. मला खंत नाही वाटत त्याची. ऑगस्टमध्ये लॉटमध्ये भेटू, तुमच्या ब्लूकोट्सच्या ट्यूबांजवळ उभा असेन.