शॉर्टकट पाठ आहेत, तरी स्क्रीन रीडरवर वाट चुकते

लेखापाल_बजाजनगर

नमस्कार. मी नागपुरात एका खासगी कार्यालयात लेखापाल म्हणून काम करते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी फक्त रात्री दिसेनासे झाले, मग बाजूची दृष्टी आक्रसत गेली आणि गेल्या वर्षभरात माउसचा बाण शोधण्यातच माझा निम्मा दिवस जाऊ लागला. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर बसवून घेतला. ओळखीच्या एका गृहस्थांनी ऐंशीएक शॉर्टकटची यादी मोठ्या अक्षरांत छापून दिली आणि ती मी पाढ्यांसारखी पाठ केली. तरीही कामाला बसले की गोंधळ होतोच.

यादीत लिहिले आहे की इन्सर्ट धरून खालचा बाण दाबला की सगळा मजकूर सलग वाचला जातो. माझ्याकडे मात्र एकच ओळ वाचून आवाज थांबतो. परवा एका संकेतस्थळावरचा अर्ज भरताना नावाच्या रकान्यापर्यंत बाणांनी पोहोचले, मराठी कीबोर्डवर ‘कमल’ लिहायला घेतले, तर अक्षरे उमटण्याऐवजी आवाज भलतेच काही सांगू लागला आणि मी पानाच्या दुसऱ्याच टोकाला जाऊन पडले. त्याहून वाईट म्हणजे सोमवारी आवाज अचानक बंद पडला. संगणक अडकला असे समजून मी बटण दाबून तो बंद केला आणि अर्ध्या तासाच्या नोंदी गेल्या. शेजारच्या टेबलावरचे सहकारी नंतर म्हणाले की पडद्यावर सगळे व्यवस्थित होते.

यादी चुकीची आहे की माझे पाठांतर कच्चे आहे, हे कोणी सांगू शकेल का?

जुना_कीबोर्ड

ताई, यादीही बरोबर आहे आणि पाठांतरही. आपण दाबलेली कळ नेमकी कोण ऐकते, एवढीच गोष्ट त्या यादीत नाही, आणि माझ्या मते शिकायची खरी गोष्ट तीच आहे.

एनव्हीडीए चालू असताना कळ बहुतेक वेळा आधी त्याच्या कानावर पडते. ती त्याच्या ओळखीची असेल तर तो ती स्वतःकडे ठेवतो, नसेल तर पुढे सोडतो. मग विंडोज पाहते आणि विंडोजलाही तिचे काम नसेल तर ती समोर उघडलेल्या प्रोग्रामकडे जाते. ऑल्ट आणि टॅब हा विंडोजचा शॉर्टकट आहे, कंट्रोल आणि एस हा एक्सेलचा, आणि इन्सर्ट धरून दाबलेले जवळजवळ सगळे एनव्हीडीएचे. आपल्या ऐंशी ओळींच्या यादीत हे तीन मालक एकाच रांगेत उभे केलेले असणार, म्हणून ती पाठ होते, पण हाताशी येत नाही.

आता आपली एकच ओळ. एनव्हीडीएमध्ये कीबोर्डच्या दोन मांडण्या असतात, डेस्कटॉप आणि लॅपटॉप. आपली यादी डेस्कटॉपची आहे आणि आपल्या यंत्रावर ज्याने कोणी एनव्हीडीए बसवला त्याने लॅपटॉपची मांडणी निवडलेली दिसते. त्या मांडणीत इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे निरीक्षण कर्सरने (मूळ कर्सर न हलवता मजकूर पाहण्याच्या एनव्हीडीएच्या वेगळ्या कर्सरने) पुढची ओळ वाचणे, म्हणूनच एक ओळ वाचून आवाज थांबतो. सलग वाचनासाठी इन्सर्ट आणि ए दाबावे, आणि आपण उभ्या आहोत ती ओळ पुन्हा ऐकण्यासाठी इन्सर्ट आणि एल. इन्सर्ट, कंट्रोल आणि के एकत्र दाबल्यास कीबोर्डची सेटिंग उघडते. तिथे मांडणी बदलता येते आणि इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक वापरण्याची सोयही तिथेच आहे. अनेक लॅपटॉपवर इन्सर्टची कळ एका कोपऱ्यात, बारीक आणि एफएनच्या आधाराने चालणारी असते, तेव्हा कॅप्स लॉकच बरा. मूळ कॅप्स लॉक हवा असेल तर तीच कळ झटपट दोनदा दाबायची.

‘कमल’चा किस्सा वाचून मी हसलो, कारण हे माझ्याही हातून झाले आहे. वेबपान उघडले की एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये असतो, म्हणजे पान त्याच्या हातात असते आणि एकेक अक्षर ही उडी असते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘क’ ही इंग्रजी के ची कळ, ‘म’ सी ची आणि ‘ल’ एन ची. ब्राउझ मोडमध्ये के म्हणजे पुढची लिंक, सी म्हणजे पुढचा कॉम्बो बॉक्स (पर्याय निवडायची यादी) आणि एन म्हणजे लिंक नसलेला पुढचा मजकूर. आपण नाव लिहीत होता आणि एनव्हीडीए इमानेइतबारे तीन उड्या मारत होता. टॅबने रकान्यात शिरले असते तर तो आपोआप फोकस मोडमध्ये, म्हणजे दाबलेली अक्षरे रकान्यात उमटू देणाऱ्या मोडमध्ये, गेला असता. बाणाने पोहोचल्यावर मात्र एंटर दाबून आत शिरावे लागते, किंवा इन्सर्ट आणि स्पेस दाबून मोड बदलावा लागतो. मोड बदलताना एक बारीक आवाज होतो आणि दोन्ही मोडांचे आवाज वेगळे असतात. तो फरक कानात बसला की निम्मी वाटचुकी थांबते.

सोमवारच्या शांततेचे कारण बहुधा इन्सर्ट आणि एस. कंट्रोल आणि एस करून फाइल साठवायला जाताना कंट्रोलऐवजी बोट इन्सर्टवर पडले की बोलण्याची रीतच बदलते, आणि त्या रीतींमध्ये एक ‘बंद’ अशीही आहे. आवाज परत येईपर्यंत तोच शॉर्टकट थांबून थांबून दाबावा. संगणकाचे बटण दाबण्याआधी एवढे जरूर करून पाहावे. तेही चालले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करता येतो, नोंदींना धक्का लागत नाही.

महालकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र अक्षरांच्या उड्यांचे कौतुक जरा जपून करावे असे मला वाटते. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बरीच वर्षे संगणक वापरतो आहे आणि नव्याने दृष्टी गेलेल्या काहींना शिकवलेही आहे. त्यांची एक सवय हमखास दिसते: टॅब दाबत सुटायचे. टॅब म्हणजे खापरीहून सीताबर्डीला येणारी मेट्रो आहे, ती फक्त स्थानकांवर थांबते. लिंक, बटण, रकाना ही तिची स्थानके आहेत. दोन रकान्यांच्या मधे ‘तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहावी’ असे साध्या अक्षरांत लिहिलेले असेल तर टॅबला ते दिसतच नाही. अर्ज भरण्याआधी ब्राउझ मोडमध्ये खालच्या बाणाने संपूर्ण अर्ज एकदा चालत जावा आणि मगच वर येऊन भरायला घ्यावा. वेळ जातो, पण अर्ज परत येत नाही. ओळखीचे पान असेल तेव्हा मात्र एच दाबून हेडिंग, एफ दाबून फॉर्मचा रकाना किंवा टी दाबून तक्ता गाठण्यात गैर काही नाही, आणि त्याच अक्षरांबरोबर शिफ्ट धरले की उलट दिशेने येता येते.

आपण लेखापाल आहात म्हणून एक्सेलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथला एक उपाय फार कमी लोकांना ठाऊक असतो. ई ४७ या चौकटीत गेल्यावर एनव्हीडीए आकडा आणि चौकटीचा पत्ता सांगतो, पण तो आकडा ‘येणे’ आहे की ‘देणे’, हे कळायला वर पहिल्या ओळीपर्यंत जाऊन परत यावे लागते. त्याऐवजी शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीवर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी एकदा दाबावे. त्यानंतर खालच्या कोणत्याही ओळीत डावी-उजवीकडे सरकताना स्तंभाचे नाव आपोआप ऐकू येते. पक्षकारांची नावे पहिल्या स्तंभात असतील तर त्या स्तंभासाठी तेच काम इन्सर्ट, शिफ्ट आणि आर करतात. घाईत दोनदा दाबू नये, कारण दुसऱ्यांदा दाबल्यावर ती नोंद पुसली जाते. ही नोंद फाइलमध्येच साठते आणि जॉजसारख्या दुसऱ्या स्क्रीन रीडरलाही समजते, त्यामुळे हीच फाइल पुढे कोणा दुसऱ्या दृष्टिहीन सहकाऱ्याकडे गेली तरी शीर्षके तयार असतात. पत्रक बदलायचे तर कंट्रोल आणि पेज डाउन, आणि पुष्कळ पत्रके असतील तर इन्सर्ट आणि एफ ७ दाबून त्यांची यादीच समोर मागवता येते.

कळ कोण ऐकते या मुद्द्यावरून आठवले म्हणून सांगतो. वेबपानावरच्या तक्त्यात चौकटीगणिक फिरायला कंट्रोल, ऑल्ट आणि बाण लागतात. एकदा मी तक्त्यात आहे असे समजून डेस्कटॉपवरच ते दाबले. तिथे एनव्हीडीएला त्या कळांचे काम नव्हते, म्हणून त्याने त्या पुढे सोडल्या, आणि त्या जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये त्याच कळांना पडदा फिरवण्याचे काम दिलेले होते. पडदा उलटा झाला. मला अर्थातच पत्ता नव्हता. मी निवांत पत्र लिहीत राहिलो आणि खोलीत आलेला माझा भाऊ मान तिरकी करून तो उलटा मजकूर वाचू लागला.

लेखापाल_बजाजनगर

दोघांचेही मनापासून आभार. सेटिंग उघडून पाहिली, तर खरोखरच लॅपटॉपची मांडणी निघाली. ती तशीच ठेवली आहे आणि यादीतल्या ओळी दुरुस्त करून घेतल्या. कॅप्स लॉकचीही सोय केली. काल मार्चच्या पत्रकाला स्तंभांची शीर्षके लावली आणि ‘येणे’ हा शब्द आकड्याआधी ऐकू आला, तेव्हा बऱ्याच दिवसांनी खुर्चीत टेकून बसले.

एक शंका उरली आहे. आमच्या कार्यालयात एप्रिलपासून खिडकीला मोठा कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीत एनव्हीडीएचे निम्मे शब्द बुडतात. आवाज मोठा केला तर ग्राहकांचे हिशोब सगळ्या खोलीला ऐकू जातात. शिवाय मराठी नावे वाचताना एनव्हीडीए अडखळतो. यावर काय करावे?

अंबाझरीची_विद्यार्थिनी

ताई, मी महाविद्यालयात शिकते आणि आमच्या वाचनालयातही असाच कूलर आहे. दोन्ही कान झाकणारा हेडफोन मी टाळते, कारण मग कोणी हाक मारली तर कळत नाही. एकाच कानात इअरफोन घालून, तो कान कूलरच्या उलट बाजूला येईल अशी खुर्ची फिरवून बसते. गोंगाटात आवाज वाढवण्यापेक्षा वेग कमी केल्याने जास्त समजते, हा माझा अनुभव आहे. आपल्या मांडणीत इन्सर्ट, शिफ्ट आणि कंट्रोल एकत्र धरून डाव्या-उजव्या बाणाने ‘रेट’पर्यंत जावे आणि वर-खालच्या बाणाने तो बदलावा, घरी गेल्यावर पुन्हा वाढवता येतो. मधेच कोणी बोलायला आले तर नुसते कंट्रोल दाबले की वाचन थांबते, आणि शिफ्ट दाबले तर तिथेच थबकून पुन्हा शिफ्टने पुढे चालू होते.

मराठीसाठी एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलक्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मराठी भाषा आहे. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून वाणीच्या सेटिंगमध्ये ती निवडता येते. आवाज यंत्रासारखा कोरडा आहे आणि पहिले दोन-तीन दिवस नकोसा वाटतो, पण ‘वाघमारे’ला वाघमारेच म्हणतो. इंग्रजी आवाजाकडून देवनागरी नीट वाचून घेण्याची अपेक्षा सोडून द्यावी.

टंकलेखनाबद्दलही एक सुचवते. विंडोज आणि स्पेस दाबून मराठी कीबोर्ड निवडला की इन्सर्ट आणि २ दाबून अक्षरांचा उच्चार बंद करावा आणि इन्सर्ट आणि ३ दाबून शब्दांचा सुरू करावा. ‘श्रीकृष्ण’ लिहिताना प्रत्येक हलन्त आणि काना-मात्रा ऐकत बसले तर डोके भणभणते. पूर्ण शब्द एकदाच ऐकला की चूक लगेच कानाला खटकते.

आणि यादी जवळ नसेल तेव्हा इन्सर्ट आणि १ दाबावे. मग कोणतीही कळ दाबली तरी ती काम न करता एनव्हीडीएमधले आपले काम फक्त बोलून दाखवते, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नसते. बाहेर पडायला पुन्हा तेच दाबायचे. मी विसरले होते एकदा, आणि परीक्षेचा अर्ज उघडतच नाही म्हणून पाऊण तास रडकुंडीला आले होते.

जुना_कीबोर्ड

त्या पाऊण तासात प्रत्येक कळ आपले नाव आणि काम सांगत होती, आणि तरीही आपण ऐकले नाही?

अंबाझरीची_विद्यार्थिनी

ऐकत होते. मला वाटले, संकेतस्थळानेच काही नवीन सोय केली आहे.