थंडीत पहिल्या स्टार्टला खडखड : जुनं १.३ मल्टिजेट डिझेल

द्राक्षपट्टा

२०११ची हॅचबॅक, १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी, १ लाख ४६ हजार किमी. निफाडला सध्या पहाटे पारा ८-१० अंशांवर असतो. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारला की पहिले ४-५ सेकंद पत्रा हलल्यासारखी खडखड होते. ती थांबते, पण जड ठकठक मिनिटभर चालू राहते आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. दुपारी सुरू केली तर यातलं काहीच नाही. ऑइल १५डब्ल्यू-४०, बदलून ९ हजार किमी झाले, पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये. एक गॅरेजवाला म्हणतो चारही इंजेक्टर बदला, दुसरा म्हणतो टायमिंग चेन. दोघांनी काहीही तपासलेलं नाही. आधी कोणती तपासणी करावी? आणि तोवर गाडी चालवणं धोक्याचं आहे का?

पाना_तेरा

दादा, तुम्ही सांगताय ते दोन वेगवेगळे आवाज आहेत. कारणंही दोन असण्याची शक्यता जास्त, म्हणून दोघांनी दोन भाग सांगितले.

पहिल्या ४-५ सेकंदांची खडखड ऑइल प्रेशरशी जोडलेली वाटते. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रीत टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरलं, की दाब तयार होईपर्यंत चेन ढिली राहून गाइडवर, म्हणजे तिच्या सरकपट्टीवर, आपटते. सेकंदभर आवाज आला तर या वयाच्या इंजिनात मी घाबरणार नाही. पण ४-५ सेकंद म्हणजे ऑइल उशिरा पोचतंय, टेन्शनर गळतोय किंवा चेन लांबली आहे. हायड्रॉलिक टॅपेटचा आवाज याहून हलका असतो, शिलाई मशीनसारखी टिकटिक, आणि ती कधीकधी दोन-तीन मिनिटं टिकते.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, चावी बंद असताना चारही इंजेक्टरचे इलेक्ट्रिक कनेक्टर काढा. लॉकची प्लास्टिकं इतक्या वर्षांत ठिसूळ झालेली असतात, झटका देऊ नका. गाडी न्यूट्रलला ठेवून ५-६ सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा ५-६ सेकंद. इंजिन पेटणार नाही, पण ऑइल वर चढेल. मग चावी बंद करून कनेक्टर लावा आणि लगेच स्टार्ट करा. खडखड गायब झाली किंवा सेकंदावर आली, तर ती ऑइल-चेनच्या बाजूची. तशीच राहिली तर चेनला दोष देण्याआधी बाकीचं बघू. ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजेक्टर सर्किटचे कोड नोंदले जातील, ते स्कॅनरने पुसा.

आवाज कुठून येतो तेही ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि सैल कपडे-हात फिरत्या बेल्टपासून लांब. गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाच्या कव्हरवर जोरात ऐकू आलं तर चेन.

रेल_प्रेशर

ठकठक आणि पांढरट धुराबद्दल. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड सिलेंडरमध्ये डिझेल उशिरा पेटतं, साठतं आणि एकदम भडकतं, त्याची ठकठक. त्यामुळे आधी हीटर प्लग (स्टार्टआधी सिलेंडर गरम करणारे) बघा, स्वस्तातलं काम आहे. प्लगचं कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या बॉडीला. चांगला प्लग १ ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवत असेल तर तो मेला. चारही चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर प्लगच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा, कारण बऱ्याचदा प्लग ठीक असतात आणि रिले गेलेला असतो.

मीटर नसेल तर दुसऱ्या दिवशी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, चावी बंद, पुन्हा चालू, असं तीनदा करून सेल्फ मारा. ठकठक कमी झाली तर दिशा बरोबर आहे.

प्लग काढताना इंजिन कोमट ठेवा, आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारा, आणि अडला तर पुढे-मागे हळूहळू खेळवा. ताकद लावून तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत खर्च जातो.

इंजेक्टर बदलायचा निर्णय मात्र चाचणीशिवाय घेऊ नका. स्कॅनरवर आयडलला चारही सिलेंडरच्या करेक्शन व्हॅल्यू बघा, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते. तीन शून्याजवळ आणि एकच लांब असेल तर तो संशयित. मग इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलचे रिटर्न पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत दोन-तीन मिनिटं रिटर्न गोळा करा. एकीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तो आतून गळतोय. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा थर आणि फुसफुस असेल तर इंजेक्टर नाही, खालचा तांब्याचा वॉशर गेलाय.

आणि हे कळकळीने सांगतो: जुन्या डिझेलवर मिस्त्री चालू इंजिनचे पाइप नट ढिले करून कुठला सिलेंडर काम करत नाही ते शोधायचे. तुमच्यासारख्या कॉमन रेल इंजिनवर, जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं, ते कधीही करू नका. आयडललाही रेलमध्ये शेकडो बार दाब असतो, जोर दिला की हजारावर. ती धार कातडीत घुसते आणि बोट कापावं लागू शकतं.

घाटवळण

दोन गोष्टी खर्चाआधी बाद करा. क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करा. आवाज बदलला तर रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हील बघावं लागेल. दुसरं, बाहेरचा बेल्ट काढून एकदाच २०-३० सेकंद चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर पुली, बेल्टचा टेन्शनर किंवा वॉटर पंप. वॉटर पंप याच बेल्टवर आहे, म्हणून त्यापेक्षा जास्त वेळ नको.

द्राक्षपट्टा

सगळं करून पाहिलं. सेल्फवर ऑइल चढवल्यावर खडखड जेमतेम सेकंदभर राहिली. क्लच आणि बेल्टने काही फरक नाही. तीन नंबरचा हीटर प्लग ओपन, बाकी तीन ०.८ ते १ ओहम. स्कॅनरवर आधीचा कोड नव्हता, करेक्शन चारही जवळजवळ सारखे. आता चेन लगेच करू का?

पाना_तेरा

इंजेक्टर संशयातून सुटले. प्लग चारही एकत्र बदला, बाकीचेही त्याच वयाचे आहेत.

चेनआधी ऑइल आणि फिल्टर. चांगलं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, फिल्टरसह साधारण ३ ते सव्वातीन लिटर. शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत घाला. फिल्टर पेपरचा आहे, त्याच्या कॅपची ओ-रिंग नवीन घाला आणि कॅपवर छापलेल्या टॉर्कनेच आवळा. स्वस्त फिल्टरमध्ये ऑइल रात्री परत उतरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मग आठवडाभर पहाटेचा पहिला स्टार्ट फोनवर रेकॉर्ड करा. आवाज दोन सेकंदांच्या आत थांबायला लागला तर चालवा. तसाच राहिला तर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून मोजा. गरम इंजिनला आयडलला १ बारच्या खाली जात असेल तर पंप आणि चेंबरमधली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी बघावी लागेल. प्रेशर ठीक आणि खडखड तशीच, तर चेन.

घाटवळण

जाड ऑइल घातलं की आवाज दबतो असं आमच्याकडचे गॅरेजवाले सांगतात. २०डब्ल्यू-५० चालेल का? इंजिन जुनं आहे.

पाना_तेरा

नको भाऊ. गरम इंजिनाचा आवाज कदाचित दबेल, पण ८ अंशांना जाड ऑइल टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोचतं, म्हणजे चेन जास्त वेळ आपटते. आजाराची खूण झाकली जाते आणि झीज वाढते. या इंजिनात चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग बिघडतं. जास्त सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, रॉकर तुटतात. म्हणून तोवर द्राक्षपट्टांनी गाडी ढकलून स्टार्ट करू नये, आणि उतारावर नुसत्या गिअरवर उभी करू नये. ऑइलचा दाब नसताना इंजिन उलटं ओढलं गेलं की ढिली चेन सरकू शकते. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. पी००१६ हा क्रँक-कॅम (पिस्टन आणि व्हॉल्व्हचे शाफ्ट) जुळत नसल्याचा कोड आला तर तिथून पुढे गाडी टो करूनच न्या.

रेल_प्रेशर

चेनची वेळ आलीच तर गॅरेजला आधी विचारा: कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का? नुसत्या रंगाच्या खुणांवर करणाऱ्याला देऊ नका. पूर्ण किट घ्या: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), सोबत पुढचं क्रँक ऑइल सील. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर झिजते. चेंबर उतरेल तेव्हा जाळी धुवून घ्या, आणि जोडताना सीलंटची पट्टी बारीक लावायला सांगा. जास्तीचं सीलंट आत सुटतं आणि त्याच जाळीत अडकतं. सगळं बसल्यावर टेन्शनरची पिन निघाली का ते बघून, पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि लॉकच्या पिना पुन्हा बसतात का तपासायचं. बसल्या नाहीत तर सेल्फ मारू देऊ नका, टायमिंग परत लावायला सांगा.