गरम इंजिन परत स्टार्ट होत नाही, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावू का?

खाडीकाठचा: देवबागला डॉल्फिन दाखवायची फायबर बोट आहे, 60 एचपी फोर स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं इंजिन), ईएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं). सकाळी काहीच त्रास नाही. दुपारी सुनामी बेटावर गिऱ्हाईक उतरवून इंजिन बंद ठेवलं की नंतर नुसतं क्रँक होतं, आणि धरलं तरी खाडीच्या तोंडाशी येऊन बसतं. पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी बल्ब हाताने दाबला की पळतं. मेकॅनिक म्हणतो वेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडतं, टाकीजवळ 12 व्होल्टचा पंप लाव. कारचा स्वस्तात मिळतोय, लावू? ओहोटीला तोंडावर इंजिन गेलं तर बोट सरळ बाहेर ओढली जाते हो.

डिझेलभाऊ: डिझेल घे, हा रोगच नाही 😄 आमच्याकडे फक्त एअर धरते, ब्लीड केलं (हवा काढली) की मिटलं.

तांडेल_72: पंप राहू दे भावा, आधी वाफ आहे की हवा ते बघ, बल्ब दाबून दोन्ही सुटतात म्हणून मेकॅनिकपण गोंधळतात. गार इंजिनसुद्धा फुल थ्रॉटलला दम टाकत असेल तर कुठेतरी चोक (तुंबलेलं) आहे नाहीतर हवा ओढतंय. बल्ब चपटा होत असेल तर टाकीचा व्हेंट (हवा यायचं भोक), फिल्टर, अँटी सायफन व्हाल्व (पाइप तुटला तर टाकीतलं पेट्रोल वाहू न देणारा) बघ. फक्त गरम असतानाच अडत असेल तर वाफ. इंजिन पेट्रोल ओढून घेतं म्हणजे त्या पाइपात दाब आधीच कमी, आणि दाब कमी की पेट्रोल लवकर उकळतं, त्यातले हलके घटक तर 35-40 डिग्रीलाच सुटायला लागतात, वर एथेनॉलने वाफ अजून वाढते. म्हणजे अर्धवट तुंबलेला फिल्टरपण उन्हाळ्यात वेपर लॉक करतो. गिऱ्हाईक न घेता 25 लिटरची सुटी टाकी तिच्याच पाइपाने इंजिनला जोड आणि भर दुपारी फिरव. त्रास गेला तर दोष बोटीच्या लाइनमध्ये. नाही गेला तर इंजिनवरचा वेपर सेपरेटर (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी छोटी टाकी) उघडून घे, काही मॉडेलांत त्याला पाण्याचं कूलिंग असतं, ते मिठाने बंद होतं.

जर्सीकर: इकडे माझी जुनी कार्ब्युरेटरवाली इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) आहे म्हणून सांगतो, कारचा पंप अजिबात नको. तो स्पार्कप्रूफ नसतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाला साचून राहते. शिवाय टाकीजवळ पंप म्हणजे अख्खी लाइन दाबाखाली, पाइप चिरला की पंप पेट्रोल तळात ओतत बसणार. अमेरिकन कोस्ट गार्डचा इनबोर्ड पेट्रोल बोटींना नियमच आहे, पंप इंजिनवर किंवा इंजिनपासून 12 इंचांच्या आत. आउटबोर्डला तो लागू नाही पण पेट्रोल तेच ना. मी कार्बखाली जाड फेनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारा तुकडा) टाकला आणि रिटर्नवाला फिल्टर लावून बारीक लाइन टाकीत परत नेली, वाफ तिकडून निघून जाते. तुमच्या ईएफआयला यातलं काही चालणार नाही.

खाडीकाठचा: सुट्या टाकीवर मख्खनसारखं चाललं! आता बोटीची लाइन बघतोय, काळा पाइप कडेने उघड्या उन्हात आहे आणि आतून फुगलाय, फिल्टर कधी बदललाय कोणालाच आठवत नाही. नवीन पाइप कुठला घेऊ?

तांडेल_72: फुगलाय म्हणजे आतला थर सुटलाय, तोच चोक. एथेनॉल चालणारा मरीन पाइप घे, इंजिनच्या बुकात लिहिलाय त्याहून बारीक नको, सावलीतून आखूड ने, उन्हातल्या तुकड्याला हीट स्लीव्ह घाल. बल्बपण बदल, आणि प्राइम करताना (बल्ब दाबून पेट्रोल भरताना) त्यावरचा बाण वर ठेव. बेटावर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नको, दोन-चार मिनिटं आयडलला राहू दे.