बर्फ जास्त नेला तर कचरा मासळी (जाळ्यात येणारा बारीक, कमी किमतीचा माल) कमी फेकली जाते का?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर खाली होताना बघितला, कोलंबी अन् माकूल एकदम ताजं पण शेवटी जो बारीक माल निघाला तो पार लिबलिबीत, बर्फच नाही मारला की काय?

– दर्यासारंग: बर्फ मोजून असतो हो, आपल्या हवेत किलोला किलो लागतो. आठ-दहा दिवसांची फेरी, खण (होडीतली मासळी ठेवायची जागा) भरायचा तो पापलेट-सुरमईने. पयल्या दिवसांचा बारीक माल मेलेलाच परत पाण्यात जातो, शेवटच्या दोन दिवसांचा तेवढा ठेवतात, फिशमीलवाल्याला (माशाची भुकटी करणाऱ्याला), त्याला कोण बर्फ घालतोय.

– कोळीण_वर्सोवा: आमच्या डोलीला (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं) फेकाफेकी कमी. बोंबील वलांडीवर (सुकवायच्या बांबूच्या मांडवावर), जवळा खाली पसरून, बारीकसारीक पण सुकवतो. पाऊस आला की मात्र वाट लागते 😅

प्रश्नकर्ता: मग मोठा खण, जादा बर्फ, झालं की?

– दर्यासारंग: नाय ना. खण मोठा म्हणजे फेरी लांब अन् जाळी जास्त वेळा टाकणार, पिल्लं अजून मरणार. 2023 ला राज्य सरकारनं 54 जातींना किमान साईज लावली (त्याहून लहान पकडायचं नाही), पापलेटला 135 मिमी, पण ते जाळ्यातच सुटायला हवं, वर आल्यावर बर्फात घाला नायतर फेका, मेलं ते मेलंच. चौकोनी आसाची (भोकांची) जाळी बघा आधी, त्यातनं पिल्लं सुटतात.