संशोधन-विकासाची राष्ट्रीय माहिती सेवा: उद्घाटनाआधी नेमकं काय पक्कं करायचं?

पाषाण_समन्वय

नमस्कार मंडळी. देशातल्या प्रयोगशाळा, विद्यापीठं आणि काही उद्योगांचे संशोधन विभाग यांची माहिती एकाच जागी शोधता यावी, अशी ऑनलाइन सेवा उभी करायची आहे. काम पुण्यातून चालेल. पहिल्या टप्प्यात ४० संस्था (त्यातल्या १२ पुणे परिसरातल्या), दोन वर्षांत ४००. प्रकल्प, तांत्रिक अहवाल, प्रबंध, उपकरणं, तज्ज्ञ, विदासंच (डेटासेट) असं सगळं त्यात यावं ही अपेक्षा. हातात नऊ महिने आणि सहा माणसं: दोन ग्रंथालयशास्त्राची, तीन प्रोग्रामर, एक सर्व्हर सांभाळणारा.

सध्याचा बेत असा की सर्व संस्थांना एक्सेलचा नमुना पाठवायचा, भरून मागवायचा आणि डीस्पेस या डिजिटल भांडाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा. हे टिकेल का? सर्व्हर किती लागतील? मराठी-हिंदी नोंदी नीट सापडण्यासाठी काय करावं? आणि सरकारी मंजुऱ्यांमध्ये वेळ नेमका कुठे जातो?

नोंदशास्त्र

आधी यादी निम्मी करा. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, तज्ज्ञांसाठी विद्वान आहे (दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे), उपकरणांसाठी २०२० पासून आय-स्टेम आहे, आणि नियतकालिकांचा प्रश्न २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेने बऱ्याच अंशी हातात घेतला आहे. हेच पुन्हा भरायला सांगितलं तर संस्थेतला माणूस एकदा भरेल, दुसऱ्या वर्षी भरणार नाही, आणि दोन ठिकाणची माहिती वेगवेगळी दिसू लागेल. तुमच्यासाठी मोकळी जागा आहे ती तांत्रिक अहवाल, प्रकल्पांचे सारांश आणि विदासंच यांची, आणि त्याहून मोलाचं काम म्हणजे या सगळ्यांना जोडणारे दुवे. अमुक प्रकल्पातून कोणता अहवाल निघाला, कोणता प्रबंध झाला, कोणतं उपकरण वापरलं, हे आज एका जागी शोधायला गेलं तर सापडत नाही.

एक्सेल मागवण्याचा बेत टिकणार नाही, कारण एक्सेल म्हणजे त्या दिवसाचा फोटो. ज्यांच्याकडे डीस्पेस, ईप्रिंट्स (असंच भांडाराचं सॉफ्टवेअर) किंवा कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) आहे, त्यांच्याकडून ओएआय-पीएमएचने (भांडारांतल्या नोंदी आपोआप मागवण्याची प्रमाणित पद्धत, थोडक्यात ओएआय) नोंदी ओढा. कोहात ती सोय प्रणालीच्या पसंतींमधून चालू करावी लागते. डीस्पेसमध्ये 'डीस्पेस ओएआय इम्पोर्ट' ही आज्ञा रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) चालली पाहिजे. ती लावायची राहून गेली की संकेतस्थळावर नवे अहवाल दिसतात, पण ओएआयमधून जुन्याच नोंदी येत राहतात आणि दोष तुमच्या माथी येतो.

कुठे फसतं ते सांगतो.

डीस्पेस बसवताना हँडलचा (प्रत्येक नोंदीच्या कायमच्या क्रमांकाचा) मूळ उपसर्ग १२३४५६७८९ असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो बदललेलाच नसतो. म्हणजे दोन संस्थांकडे १२३४५६७८९/४५ हा एकच क्रमांक, दोन निराळ्या अहवालांना. म्हणून बाहेरून आलेला क्रमांक कधीही एकटा किल्ली म्हणून वापरू नका. तुम्ही दिलेला संस्था-संकेतांक आणि त्यांचा क्रमांक अशी जोडकिल्ली करा, आणि त्यावर तुमचा स्वतःचा कायमचा क्रमांक द्या.

ओएआयमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असायला हवी. एखादा सर्व्हर ती भारतीय वेळेत देत असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि नोंदी गळतात. गळलेली नोंद कुणालाच कळत नाही, हा त्यातला खरा धोका. मागच्या प्रतिसादात आलेली 'रिस्पॉन्सडेट' (प्रतिसादाची वेळ) साठवा, पुढच्या वेळी तिच्या दोन दिवस आधीपासून मागा, आणि पुन्हा आलेल्या नोंदी किल्लीवरून ओळखून वरच्यावर लिहा.

खोडलेल्या नोंदी जी भांडारं कळवत नाहीत ('डिलीटेडरेकॉर्ड'मध्ये 'नो' लिहिलेली), त्यांच्याकडून महिन्यातून एकदा 'लिस्टआयडेंटिफायर्स'ची (सर्व नोंदींच्या क्रमांकांची) पूर्ण यादी घेऊन ताडा. मात्र यादी अर्धवट आली असेल तर काहीही खोडू नका. महाविद्यालयातला सर्व्हर सुट्टीत बंद असणं नेहमीचंच. लागोपाठ तीनदा पूर्ण यादी आली आणि तिन्ही वेळा नोंद नसली तरच ती लपवा.

शेवटचं, संस्थांची नावं. १९४९ साली स्थापन झालेलं पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, आणि नोंदींमध्ये 'पूना युनिव्हर्सिटी'सुद्धा येणार. आघारकर संशोधन संस्था १९९२ पर्यंत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने नोंदली जायची. 'आयआयटीएम' म्हटलं की पाषाणची उष्णदेशीय हवामानाची संस्था की मद्रासची आयआयटी? यासाठी आरओआर (संशोधन संस्थांच्या जागतिक नोंदवहीतला) क्रमांक घ्या आणि त्याखाली सगळी जुनी-नवी, इंग्रजी-मराठी नावं बांधा. दोन ग्रंथालयशास्त्रज्ञांचे पहिले दोन महिने यातच जातील, आणि ते जायलाच हवेत.

रफार

मराठी शोधाबद्दल. तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

पहिला, जुने फाँट. युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला अहवाल पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरांचा कचरा असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: भाषा 'मराठी' लिहिलेली, पण मजकुरात देवनागरी अक्षरं जवळपास शून्य. परिवर्तक वापरले तर पहिली वेलांटी आणि रफार यांच्यापाशी चुका होतात, कारण त्या फाँटांत वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि जोडाक्षर आलं की ती नेमकी कुठे हलवायची हे परिवर्तकाला चुकतं. पीडीएफच असेल तर ३०० डीपीआयला पानांची चित्रं काढून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरची मराठी आणि इंग्रजी विदा एकत्र लावून ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) करा. पण शीर्षक आणि सारांश माणसानेच टाइप केलेला हवा, त्यात तडजोड नको.

दुसरा, एकसारखं दिसणारं पण वेगळं साठवलेलं अक्षर. 'किनाऱ्यावरील' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ (यू+०९३१) अधिक हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक झेडडब्ल्यूजे. सोलर या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये झेडडब्ल्यूजे सरळ काढून टाकणारी गाळणी लावली की दुसऱ्या प्रकारचा शब्द रफाराचा होऊन बसतो आणि पहिल्याशी जुळत नाही. आचार्याला आणि आचाऱ्याला यांतला फरक मशीनला कळलाच पाहिजे! म्हणून 'मॅपिंगचारफिल्टर' (अक्षरं बदलणारी गाळणी) सर्वांत आधी ठेवा, त्यात 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' याचं 'ऱ, हलन्त' करा, मग उरलेले झेडडब्ल्यूजे काढा, मग एनएफसी (अक्षरं एकाच ठरलेल्या युनिकोड रूपात आणणं). र आणि नुक्ता असं सुटं टाइप केलेलं अक्षर एनएफसी स्वतःच ऱ करून देतं. सोलरमधलं हिंदीचं सामान्यीकरण मराठी क्षेत्राला लावू नका. ते हलन्त आणि नुक्ता दोन्ही काढतं, दीर्घ ऱ्हस्व करतं, 'ॉ' आणि 'ो' एक करतं. 'इंडिक' नावाची सौम्य गाळणी पुरे आहे.

तिसरा, सामान्यरूप. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यातील आर्सेनिक' हा अहवाल मिळायला हवा. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणारा भाग) मराठीचे प्रत्यय ओळखत नाही. चार-पाच अक्षरांच्या पूर्वभागावर जुळवणी केली तर 'संशोधन' आणि 'संशोधनातील' जुळतात, पण 'पाणी' आणि 'पाण्या' तिथेही सुटतात. यावर उपाय म्हणजे विषयातल्या तीन-चारशे नामांची मूळ रूपं आणि सामान्यरूपं लिहून समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये टाकणं. माती-मातीच्या जमतं, पाणी-पाण्या, मासा-माशा हे हाताने लिहावं लागतं. आठवड्याभराचं काम आहे आणि फरक लगेच दिसतो.

बावधन_बॅकएंड

सर्व्हरचा अंदाज मोठा घेऊ नका. १० लाख नोंदी, दर नोंद साधारण ५ केबी धरली तर सगळा मेटाडेटा (नोंदींची वर्णनात्मक माहिती) ५ जीबी. पूर्ण मजकूर तुम्ही ठेवणार नसाल (ठेवू नका, मूळ संस्थेच्या पानाचा दुवा द्या), तर एक आभासी सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेससाठी, एक सोलरसाठी, दोन वेब-दर्शनीसाठी, एक हार्वेस्टसाठी (नोंदी ओढण्यासाठी) आणि चाचणीचा वेगळा संच, एवढं पुरतं. नुसत्या एकत्रित सूचीसाठी डीस्पेस लागतंच असंही नाही. ज्या संस्थांकडे भांडार नाही त्यांच्यासाठी मात्र डीस्पेस ठेवा.

खरा भार माणसांचा नसतो, बॉटांचा (पानं आपोआप उघडत फिरणाऱ्या प्रोग्रामांचा) असतो. शोधपानावर पाच गाळण्या, प्रत्येकीत २० पर्याय, प्रत्येकीतून एकेक निवडला तरी ३२ लाख वेगवेगळे पत्ते तयार होतात. बॉट ते एकेक उघडत बसतो आणि प्रत्येकामागे सोलरला नवा प्रश्न जातो. शोध आणि ब्राउझचे मार्ग रोबॉट्स फाइलमध्ये (बॉटांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) बंद करा, गाळण्यांचे दुवे पोस्ट पद्धतीने (निवड पत्त्यात न दिसेल अशी) पाठवा, आणि नोंदींच्या पानांचा साइटमॅप द्या म्हणजे शोधयंत्रांचं अडत नाही. रोबॉट्स फाइल न पाळणाऱ्यांसाठी वेगमर्यादा हवी, पण ती नुसती आयपीवर लावू नका. अख्खं महाविद्यालय एका सार्वजनिक आयपीमागे असतं. प्रात्यक्षिकाला साठ विद्यार्थ्यांनी एकदम शोध केला की पहिले तेच अडकतील.

मंजुऱ्यांबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय सरकारी विदाकेंद्रात जागा मिळत नाही. किमान दोन फेऱ्या धरा, मधल्या दुरुस्त्यांसह दोन ते तीन महिने. प्रमाणपत्र तपासलेल्या आवृत्तीपुरतं असतं, त्यामुळे ऑडिट सुरू झाल्यावर कोड गोठवा. नंतर कुणी 'एवढं एक बटण टाका' म्हणाला तर ते पुढच्या आवृत्तीत. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. डोमेन पहिल्याच महिन्यात मागा: गव्ह.इन एनआयसीकडून, रेस.इन अर्नेटकडून (शिक्षण-संशोधनाचं सरकारी नेटवर्क). मधेच डोमेन बदललं तर छापलेले सगळे दुवे तुटतात.

पाषाण_समन्वय

मनापासून आभार. यादी कमी करण्याचं पटलं, उद्याच्या बैठकीत मांडतो. दोन शंका उरल्या. ४० पैकी साधारण १५ संस्थांकडे कोणतंच भांडार नाही, त्यांचं काय? आणि उद्योग प्रकल्पांची माहिती द्यायला कचरतात.

ग्रंथपाल_गणेशखिंड

नोंदशास्त्रांचं बहुतेक सगळं मान्य, पण एक्सेल पूर्ण मोडीत काढू नका. त्या १५ संस्थांसाठी तीच पायरी आहे. फक्त ती शहाणपणाने बांधा. सगळे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून पाठवा, नाहीतर ऑर्किड (संशोधकाचा जागतिक ओळख-क्रमांक) रेघांशिवाय टाइप केला की सुरुवातीची शून्यं उडतात आणि '३-४' असा अंक-क्रमांक तारीख होऊन बसतो. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडायचा, हे नमुन्याच्या पहिल्या ओळीत लिहा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत आणता येत नाहीत. रकाने १२ च्या वर नकोत. ऑर्किडचा शेवटचा अंक तपासणी-अंक असतो (तो 'एक्स'ही असू शकतो), तो तुमच्याकडे चढवतानाच पडताळा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचे वेगळे रकाने ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं काम दोन नावांत विभागलं जातं, आणि त्यांना न्याय मिळण्याचा ऑर्किड हाच खात्रीचा मार्ग आहे.

उद्योगांची भीती खरी आहे, तिला हलकं लेखू नका. पेटंटचा अर्ज करण्याआधी तपशील जाहीर झाला तर नावीन्यच जातं. अर्ज दाखल झाल्यावरही तो साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणून त्यांच्यासाठी दोन थर करा: खुल्या थरात विषय, वर्ष, संपर्काचं पद (व्यक्तीचं नाव नव्हे) एवढंच, सारांशाला 'या तारखेपर्यंत बंद' असा रकाना. तारीख रिकामी असेल तर बंद समजायचं, उघडं नाही. हा नियम प्रणालीतच बसवा, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

नोंदशास्त्र

एक्सेलबद्दल मान्य, १५ संस्थांसाठी ठीकच. फक्त त्या नोंदी तुमच्या डीस्पेसमध्ये चढवा आणि तिथूनही ओएआयनेच मुख्य सूचीत ओढा, म्हणजे आत येण्याचा रस्ता एकच राहतो.

४० संस्था एकदम घेऊ नका. आधी तीन: एक चालू डीस्पेसवाली, एक कोहावाली, एक एक्सेलवाली. तिन्ही पुण्यातल्या निवडा, म्हणजे अडलं की त्यांच्या सर्व्हरपाशी जाऊन बसता येतं. सलग चार आठवडे तिथली प्रत्येक नवी नोंद ४८ तासांत तुमच्याकडे दिसली की पुढच्या दहा घ्या. उद्घाटनाची तारीख विचारली तर ऑडिटच्या दुसऱ्या फेरीनंतरची सांगा.