चिपळूणची १९९७ ची जिप्सी लेहच्या थंडीसाठी तयार करायची आहे

पडवीतली_जिप्सी

नमस्कार मंडळी,

मामांची १९९७ ची जिप्सी किंग आहे. कार्बोरेटरवाली, १२९८ सीसी, सॉफ्ट टॉप. गुहागरकडच्या बागेत आंब्याच्या पेट्या वाहण्यात तिचं आयुष्य गेलं. मामांना आता गाडी झेपत नाही, त्यामुळे गेली काही वर्षं ती पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. मी गाडी शिकलो ती तिच्यावरच, त्यामुळे भंगारात घालायला मन धजत नाही.

मी सध्या सोलरच्या कामासाठी लेहला असतो आणि अजून काही वर्षं तिथेच राहणार आहे. कामानिमित्त उपशी, चुमाथांगवरून न्योमापर्यंत जावं लागतं, हिवाळ्यातसुद्धा. जानेवारीत लेहमध्ये रात्री उणे १५ ते उणे २० सहज होतं, न्योमाला त्याहून जास्त.

गाडीची अवस्था: इंजिन सेल्फला उठतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून जाळी झालाय. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. फोर बाय फोरचा दांडा पडतो, पण जोर लावावा लागतो. हीटर आहे की नाही तेच कळत नाही.

डोक्यात असलेले बदल: डिझेल इंजिन, ३१ इंची टायर, स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप), पुढे एलईडी बार. काम चिपळूणला करून गाडी ट्रकवरून वर न्यायचा विचार आहे. काय करावं, काय करू नये, कशात पैसे घालावेत? जाणकारांनी हातचं न राखता सांगावं.

फलटणचा_मेकॅनिक

भाऊ, ईएमईमध्ये (लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) व्हीकल मेकॅनिक होतो, लेह आणि द्रास दोन्हीकडे वर्कशॉपात काम केलंय. आता फलटणला असतो. जिप्सी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीतलं आत्ता काहीच करू नका. मैदानातल्या गरमीत मेकॅनिक लोक जिप्सीतून एकेक वस्तू काढून टाकतात, कारण तिथे ती नसली तरी चालतं. थंडीत नेमक्या त्याच वस्तू लागतात. तेव्हा आधी काढलेलं सगळं परत बसवायचं.

पहिला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी न सोडणारी झडप. "इंजिन गरम होतंय" म्हटलं की काढून फेकायची ही पहिली वस्तू. तो नसला तर लेहला इंजिन कधी तापतच नाही. प्लग काळे होतात, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, हीटर लावला तर गार वारा येतो. ८२ डिग्रीचा नवा थर्मोस्टॅट बसवा. त्याआधी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते डोळ्यांनी पाहा.

मग हीटर. बोनेट उघडा आणि फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा. इंजिनकडून आलेल्या दोन रबरी नळ्या आत जाण्याऐवजी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर हीटर कुणीतरी बाद केलाय. बऱ्याच गाड्यांत हेच सापडतं. हीटरची जाळी साध्या पाण्याने आतून गंजून चोंदलेली असेल. ती काढून साफ करा, नाही झाली तर बदला. लेहच्या हिवाळ्यात हीटर चैनीसाठी नसतो. चार माणसांच्या श्वासाने काच आतून गोठते आणि समोरचं काही दिसत नाही.

कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. एथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. काही जण जास्त थंडी म्हणून नुसतंच कूलंट ओततात. नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं, म्हणजे पैसे जास्त जाऊन ब्लॉक फुटायची भीती उलट वाढते. भरण्याआधी ब्लॉक आणि रेडिएटर धुऊन घ्या, नाहीतर जुनं पाणी आत राहून प्रमाण बिघडतं.

ऑइल: कोकणात २०डब्ल्यू-५० असेल. त्यातला २०डब्ल्यू उणे १५ पर्यंत तपासलेला असतो, ५डब्ल्यू उणे ३० पर्यंत. तुम्ही ५डब्ल्यू-४० घ्या, जुन्या इंजिनाला ते मानवतं. गियरबॉक्सला ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ प्रतीचं घ्या, आतल्या पितळी रिंगांसाठी. दोन्ही डिफरन्शियलना (एक्सलमधल्या गियरपेट्या) जीएल-५. जिप्सीचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गियरबॉक्सपासून सुटा असतो आणि त्याचं ऑइल वेगळं. ते बदलायचं अनेकांच्या लक्षातच राहत नाही. तुमचा दांडा जड पडतो त्याचं एक कारण तिथे असू शकतं. बाकी लिंकेजचा गंज. साफ करून ग्रीस भरा आणि मोकळ्या मातीत हळू चालवत रोज टाकत-काढत राहा.

स्टिअरिंगची थरथर: नुसतं व्हील बॅलन्सिंग करून गप्प बसू नका. जॅकवर घेऊन पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीची) बेअरिंग गेलीत. ते उघडाल तेव्हा नकलचं (एक्सलच्या टोकाचा वळणारा सांधा) गोल सील आणि आतलं एक्सलचं ऑइल सील दोन्ही बदलून टाका. एरवी सीलमधून नाल्याचं पाणी आत जातं, रात्री गोठतं, आणि सकाळी स्टिअरिंग दगडासारखं होतं. द्रासला मी नकल उघडून आतून बर्फाचे खडे काढलेले आहेत.

डिझेल इंजिनाचा विचार सोडा. साधं डिझेल थंडीत मेणासारखं दाटतं आणि फिल्टर बंद पडतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, त्याने मोठी सोय झाली हे खरं. पण तुमच्याकडे चालू पेट्रोल इंजिन आहे आणि पेट्रोलला ही भानगडच नाही. फक्त टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही.

मोठे टायरही नको. उंचीवर दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते. लेह ३५०० मीटरवर. तुमचे ६० हॉर्सपॉवर तिथे चाळीसच्या आसपास उरतात, चांग ला घाटावर त्याहून कमी. त्यात ३१ इंची चाकं लावलीत तर चढाला पहिल्या गियरखेरीज गाडी हलणार नाही. कंपनीच्या मापाचे अरुंद टायर बर्फात खाली रुततात आणि पकड घेतात. चारही चाकांच्या साखळ्या घ्या आणि घरी अंगणात हातमोजे घालून चढवायचा सराव करा.

पुण्याचा_ऑफरोडर

काकांच्या प्रतिसादाला +१. कागदांचं लिहितो, कारण त्यात गाडी अडकते.

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पर्यावरण कर आणि फिटनेस चिपळूणलाच उरकून घ्या, लेहहून ते निस्तरणं फार त्रासाचं आहे. बारा महिन्यांच्या वर दुसरीकडे ठेवणार असाल तर एनओसी काढून तिकडचा नंबर घ्यावा लागेल. आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओत लेखी परवानगी. इन्शुरन्सवाले अपघातानंतर हेच बघतात.

एलईडी बारचं म्हणाल तर हेडलाइट हॅलोजनच राहू द्या. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो. एलईडीची काच गार राहते, हिमवर्षाव झाला की समोर पांढरा थर बसतो.

पडवीतली_जिप्सी

काका, मनापासून धन्यवाद. बोनेट उघडून पाहिलं. हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडलेल्याच निघाल्या! थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नाही. मामांनाही माहीत नव्हतं.

डिझेल आणि टायर रद्द. आता तीन शंका. गंजाचं नेमकं कसं करू? कार्बोरेटर उंचीवर चालेल का? आणि वाटेत बर्फात रात्रभर अडकलो तर इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीत झोपता येईल का?

एडमंटनकर

मी कॅनडात असतो. माझ्याकडे सुझुकी सामुराय आहे, म्हणजे तुमच्या जिप्सीची आखूड सख्खी बहीण, इंजिनही १.३ लिटरचंच. आमच्याकडे उणे ३० नित्याचं, म्हणून बॅटरीबद्दल दोन शब्द.

उणे १८ ला बॅटरीची सेल्फ मारायची ताकद जवळपास निम्मी होते आणि त्याच वेळी ऑइल दाटल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठून फुटते, भरलेली उणे ५० लाही गोठत नाही. जिप्सीची बॅटरी हलकी असते. रात्री सोडवून घरात घ्या. इंजिनपासून चासीला आणि चासीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या काढून टोकं पांढरी होईपर्यंत घासा. कोकणातली गाडी आहे, तिथे हिरवं-पांढरं साचलेलं असणारच.

इथे बहुतेक गाड्यांना ब्लॉक हीटर (इंजिन आधीच तापवणारा विजेचा हीटर) असतो. साधारण ४०० वॉटचा, निघण्याआधी तीन-चार तास प्लग लावायचा. जिथे वीज भरवशाची आहे तिथे ह्याच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. वायर मात्र चांगली जाड आणि अर्थिंग असलेली वापरा.

फलटणचा_मेकॅनिक

एडमंटनकरांनी बॅटरीचं नेमकं सांगितलं. लेह शहरात ब्लॉक हीटर चालेल. न्योमाकडे वस्तीला राहिलात तर वीज असेलच असं नाही, तिथे ऑइलपॅनखाली शेगडी किंवा ब्लो-लॅम्प लावताना लोक दिसतील. ट्रकवाले डिझेलच्या गाडीला करतात. तुमची पेट्रोलची आहे, तिच्या आसपाससुद्धा जाळ नको. कुणी मदतीला म्हणून आलं तरी हात जोडून नाही म्हणा.

कार्बोरेटर: वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण घट्ट होतं. काळा धूर, पेट्रोलचा वास, चढाला गुदमरणं. मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर लहान घालायचा. चिपळूणला घालू नका, तिथे पेट्रोल कमी पडून पिस्टन तापेल. लहान जेट डबीत घालून बरोबर न्या आणि लेहला बसवा. खाली उतराल तेव्हा जुना परत. एअर क्लीनरला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून गरम हवा आणणारा पाइप असेल तर तो शोधा, बहुधा फाटून गेलेला असेल. नवा लावा. स्नॉर्केल का नको, तेही ह्यातच आलं: तो बाहेरची गोठलेली हवा आणतो. उन्हाळ्यात नाल्यांना दुपारनंतर वितळलेलं पाणी वाढतं, सकाळी ओलांडले की स्नॉर्केलची गरज सहसा पडत नाही. त्याऐवजी दोन्ही एक्सलच्या ब्रीदरना (आतली हवा ये-जा करायची छिद्रं) लांब नळी लावून ती बोनेटखाली वर न्या. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आत हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, ते ह्याने थांबतं. खर्च किरकोळ, आणि हा बदल मला मनापासून पटतो.

आता गंज आणि झोप, ह्या दोन्हीचं उत्तर एकच आहे.

पायाखालचे मॅट, सीट, सगळं काढा. लहान हातोडीने पत्रा आणि चासी ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द आवाज देतो. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ, बॉडी माउंटपाशी आणि मागच्या आडव्या मेंबरमध्ये विशेष बघा, खारी माती तिथेच बसते. कुजलेलं कापून काढा, १६ गेजचा नवा पत्रा सलग वेल्ड करा, रेड ऑक्साइड, मग रंग, पोकळ जागांत आतून मेण. गंजावरच काळं कोटिंग मारून देणारा कारागीर भेटला तर गाडी तिथून परत आणा, आत गंज खातच राहतो. ब्रेकचे लोखंडी पाइप न बघता बदला आणि ब्रेक ऑइलही नवं भरा, जुन्याने पाणी धरलेलं असतं. हे सगळं चिपळूणलाच करा, लेहच्या थंडीत रंग नीट वाळत नाही.

पायाखालच्या भोकाकडे मी फक्त गंज म्हणून बघत नाही. सायलेन्सरचा पाइप तिथूनच मागे जातो. उंचीवर घट्ट मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. गाडी उभी, मागे बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलेलं, खालून भोकातून वायू आत, काचा बंद. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो, डोकं जड झालंय हे समजेपर्यंत हातपाय हलत नाहीत. म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही थंडी असो. उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, फावडं, स्टोव्हशिवाय खाता येईल असं अन्न गाडीत कायम ठेवा. गाडी तापवायचीच तर जागं राहून, आधी उतरून सायलेन्सरमागचा बर्फ फावड्याने काढून, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडून, थोडा वेळ. मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि सायलेन्सरचे सगळे जोड आत्ताच नवे करून घ्या.

सॉफ्ट टॉपवर हिवाळा निघणार नाही. जुनं हार्ड टॉप बघा, पण आरसीवर काय लिहिलंय ते पाहून आरटीओत विचारून घ्या.

उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी क्लच दाबून सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंद, मग मिनिटभर थांबा. उठलं की रेस करू नका. गियर न्यूट्रलला घेऊन क्लच हळू सोडा, गियरबॉक्सचं ऑइल जरा फिरू द्या, पहिला किलोमीटर दुसऱ्या गियरच्या वर जाऊ नका. लेहचे रस्ते बराच काळ कोरडे असतात, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून ठेवू नका. बर्फ किंवा वाळू दिसली की लावा.

झोजी ला आणि मनालीकडचे घाट बर्फाने बंद व्हायच्या आत पोचायचं आहे, तेव्हा सप्टेंबर संपायच्या आत गाडी ट्रकवर चढली पाहिजे. पत्र्याचं काम सुरू झालं की कापलेल्या जागेचे फोटो इथे टाका, वेल्ड मारायच्या आधी. चासीला कुठे प्लेट लागेल ते बघून सांगतो.