मदत हवी आहे: तळपण नदीत ग्रुपने कयाकिंग, अष्टमीचा रविवार धरू की पौर्णिमेचा?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे, शाळेपासूनचे मित्र आणि घरची माणसं धरून एकूण नऊ जण. फेब्रुवारीत दक्षिण गोव्यात काणकोणला तळपण नदीत कयाक घेऊन जायचं ठरवतोय, पण भरती-ओहोटीचं गणित काही जमत नाहीये. ज्यांनी खाडीत स्वतः वल्हं मारलंय त्यांनी प्लीज सांगा.

आधी मागच्या वेळी काय झालं ते सांगतो. डिसेंबरात बार्देशातल्या एका खाडीत गेलो होतो. कयाक देणाऱ्याने दहाला सोडलं, भरतीचं विचारलं तर म्हणाला काही टेन्शन नाही, आणि आम्हीपण मान हलवून निघालो. आत जाताना काय मस्त वाटत होतं, दोन्ही बाजूंना खारफुटी, पाणी एकदम शांत, एक खंड्या तर आमच्या पुढे पुढे एकेक फांदी बदलत चाललेला. परत फिरलो तेव्हा पाणी उतरलं होतं आणि वळणावर कयाकचं बूड खर्रकन चिखलाला लागलं. वहिनी खाली उतरल्या त्या गुडघाभर रुतल्या, चप्पल आतच राहिली, आधाराला तिवराचं मूळ धरलं तर त्यावरच्या कालवांनी तळहात चिरला. पाणी परत चढेपर्यंत दोन तास आम्ही उन्हात तिथेच बसून. वहिनींना पोहता येत नाही. घरी येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आता परत यायला तयार झाल्यात त्या फक्त मी सगळं नीट बघेन म्हणालो म्हणून, त्यामुळे यावेळी मला कुणाच्या भरवशावर सोडायचं नाहीये.

कुंभारजुवे कालवा जवळ पडतो पण तिथे मगरी आहेत, लहान पोरं घेऊन नकोच. म्हणून तळपण.

आता प्रश्न. आमचे आजोबा सांगायचे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्या हिशेबाने अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळी आम्ही उतरणार तेव्हा पाणी बाहेर चाललेलं असणार, परत तोच चिखल. पुढच्या रविवारी पौर्णिमा, भरती सव्वाअकराला, सकाळी पाण्याबरोबर आत जाता येईल पण उधाणाचा जोर असणार आणि परतताना डोक्यावर ऊन. कुठला रविवार धरू? आणि वहिनींना डबल कयाकमध्ये पुढे बसवू की मागे?

प्रतिसाद १
अष्टमीच धरा, पण सकाळ सोडा आणि दुपारी उतरा. भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, ओढ कमी, नवख्या माणसांना तेच बरं. पाऊणपटीचा हिशेब अंदाजापुरता ठीक आहे पण गोव्यात भरती त्याच्या जरा आधीच येते आणि अष्टमीच्या आसपास तर तो हमखास चुकतो, त्यामुळे मुरगाव बंदराचं त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. संध्याकाळची भरती पाचच्या थोडी पुढेमागे दिसायला हवी. साडेतीनला उतरा, चढत्या पाण्याबरोबर सावकाश वर जा आणि पाणी थांबलं की फिरा. मुखापासून आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन काठावर एक काठी रोवा आणि पाणी तिच्यावर कधी चढायचं थांबतं ते बघून ठेवा, दुसऱ्या दिवशी भरती पाऊण-एक तास उशिरा येते तेवढं त्यात मिळवा, तीच तुमची खरी वेळ. साडेसहानंतर लगेच काळोख होतो, पाच-सव्वापाचच्या पुढे वर जाऊ नका. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर, तेवढी ताकद हातात शिल्लक ठेवा.

प्रतिसाद २
वहिनींना पुढे बसवा, मागे सगळ्यात सराईत माणूस, कारण दिशा मागचाच सांभाळतो. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. निघायच्या आधी गुडघाभर पाण्यात त्यांना एकदा मुद्दाम कलंडू द्या, जॅकेट वर धरतं हे अंगाला कळलं की निम्मी भीती जाते. पाण्यात पडलंच तर कयाक सोडायची नाही. आणि कुठल्याही खाडीत मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारांची मोरी, दिसली तर लांबूनच जा, ओहोटीला तिची दारं उघडतात आणि खाजनातलं, म्हणजे बांधामागच्या सखल शेतातलं, पाणी जोरात बाहेर पडतं. पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला.

धागाकर्ता
खूप खूप आभार दोघांचेही. दुपारचं डोक्यातच आलं नव्हतं. अष्टमी पक्की, शनिवारी मी स्वतः जाऊन काठी रोवून बसतो. वहिनींना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांनी फक्त विचारलं, ते कलंडायचं तू पण करशील ना माझ्याबरोबर? हो म्हटलंय.